लेहचे दोन रस्ते: किलोमीटर सारखे, मुक्काम वेगळे

सोलापुरात लेहच्या ट्रिपचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘मनालीवरून जा नाहीतर श्रीनगरवरून, दोन्ही एकच.’ नकाशा बघितला तर पटतंही. दोन्ही रस्ते सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचे, दोन्ही साधारण दोन-तीन दिवसांचे, जून ते सप्टेंबर दोन्ही चालू. पण आपण राहतो समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर. वर हवा विरळ होत जाते आणि शरीराला तिची सवय हळूहळूच होते. आपल्या छातीला हे रस्ते अजिबात एक नाहीत.

ठरवायला वेळ मात्र भरपूर मिळतो. तुळजापूरकडे जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिस्सार करत पंजाबातल्या संगरूरला जाऊन संपतो. वाटेत तीन मुक्काम धरले तर ओढाताण होत नाही. खरी वाट फुटते ती संगरूरला. उजवीकडे पतियाळा, चंदीगड, मंडी करून मनाली. सरळ वर लुधियाना, पठाणकोट, जम्मू करून श्रीनगर.

तिथे किलोमीटर मोजत बसू नका. रात्री कुठे आणि किती उंचीवर झोपणार, तेवढं कागदावर मांडा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, सोनमर्ग आणि कारगिल २,७०० च्या आसपास, लेह ३,५००. जिना चढावा तसं. मधला झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड) साडेतीन हजार मीटरचा आणि सगळ्यात उंच फोतू ला ४,१०८ मीटरचा, पण दोन्ही दिवसाउजेडी ओलांडून आपण पुन्हा खाली येतो. मनालीकडून हिशोब असा: मनाली २,०५०, जिस्पा ३,२००, आणि दुसऱ्या रात्री सरचू, जवळपास ४,३००. म्हणजे लेहला पोचायच्या आधीच लेहपेक्षा आठशे मीटर वर झोपायचं! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथे ती एका दिवसात अकराशेने वाढते.

माझे दाजी पहिल्यांदा याच वाटेने गेले होते. सरचूच्या तंबूत अंगावर दोन सोलापुरी चादरी घेऊन रात्रभर उशाला टेकून बसून राहिले. आडवं झालं की दम लागायचा, डोकं फुटेल असं दुखत होतं, पोटात पाणी टिकत नव्हतं. अशा वेळी खरा इलाज एकच, खाली उतरणं. आणि सरचूची अडचण नेमकी तीच आहे. दक्षिणेला बारालाचा ला, जवळपास ४,९०० मीटर. उत्तरेला लाचुंग ला, पाच हजारांच्या वर. कुठल्याही बाजूने खाली यायचं तर आधी आणखी वर चढावं लागतं. कारगिलला कोणाला त्रास झाला तर मुळात उंची कमी, आणि शहर असल्याने दवाखाना हाताशी.

तिथल्या विरळ हवेचा अंदाज भातावरून येतो. सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर तांदूळ कच्चाच राहतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असू द्या.

बाकीचे फरक थोडक्यात. मनालीच्या वाटेवर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किमी’ अशी पाटी वर्षानुवर्षं होती, तिथे टाकी काठोकाठ भरायची. कारगिलच्या वाटेवर ही चिंता नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि रोहतांगचा वळसा ४६ किलोमीटरने वाचला, पण तो सुरुवातीचा भाग. बोगद्यापुढचे उंच घाट होते तिथेच आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कुलू खोऱ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२३ च्या पुरात बियासने तिथले रस्तेच वाहून नेले. झोजी लावरही पावसात चिखल होतो आणि गाड्या तासन्‌तास अडकतात, हेही खरं. प्रीपेड सिम महाराष्ट्राचं असेल तर जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या.

म्हणून माझं मत पक्कं आहे: जाताना श्रीनगर, येताना मनाली. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा, तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा आणि सरचूला न थांबता थेट लेह गाठा. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटाच, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच.

येताना सरचूला थांबायला हरकत नाही, तोवर शरीराला उंचीची सवय झालेली असते. उलट थांबावंच, कारण बारालाचापलीकडच्या नाल्यांना दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळी ते उतरलेलं असतं. पुढच्या खेपेला दाजी आमच्याबरोबर श्रीनगरवरून आले. लेह, नुब्रा धरून आठ दिवस वर काढले आणि परतताना त्याच सरचूला राहिलो. रात्री दोनदा उठून मी त्यांच्या तंबूत डोकावले. आडवे होऊन शांत झोपले होते. सकाळी सहाला उठून चहात भाकरी बुडवत त्यांनीच विचारलं, ‘निघायचं ना, पाणी चढायच्या आत?’