मेंब्रेन प्रोटीन : डेटाबेसमधली नोंद आणि चित्रण

पेशीच्या पडद्यात रुतलेल्या प्रोटीनचा कुठला भाग पडद्यात आहे, ते किती तिरकं बसलंय, आतली बाजू कुठली नि बाहेरची कुठली, हे रचनेच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि चित्रात दाखवायची पद्धत.

पीडीबी (प्रोटीन डेटा बँक, प्रोटीनच्या रचनांचा जागतिक साठा) १९७१ पासून आहे, पण त्यातल्या मूळ फाइलीत पडदा सहसा नसतोच. पडद्यातून प्रोटीन बाहेर काढायला डिटर्जंट वापरतात, त्यात लिपिड (पडदा ज्याचा बनतो ते चरबीसारखं द्रव्य) धुऊन जातं, फार तर दोनचार रेणू चिकटून राहतात. म्हणजे चित्रात पडद्याच्या दोन कडा म्हणून दिसणारी ती दोन समांतर प्रतलं प्रयोगातून आलेली नसतात, मागाहून गणिताने बसवलेली असतात, आणि बघणारे हेच विसरतात.

मेंब्रेन प्रोटीनची पहिली अणूपातळीची रचना प्रकाशसंश्लेषी जिवाणूच्या रिअ‍ॅक्शन सेंटरची (उजेडाच्या ऊर्जेचं रूपांतर करणारा प्रोटीनसमूह), १९८५ च्या सुमाराची (डायझेनहोफर, मिशेल, ह्यूबर, नोबेल १९८८). काहीजण सुरुवात १९७५ च्या बॅक्टेरिओर्‍होडॉप्सिनपासून धरतात, पण तो नकाशा ७ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग), म्हणजे ढोबळ, त्यात हेलिक्स (प्रोटीनच्या साखळीची स्प्रिंगसारखी वळणं) नुसत्या दांड्यांसारख्या दिसतात, तेव्हा १९८५ धरणंच बरं.

पडदा नेमका कुठे मानायचा यावर मात्र एकमत नाही. बुडापेस्टच्या गटाची टीएमडेट पद्धत (२००४) आणि तिच्यावर उभा पीडीबीटीएम डेटाबेस पाणी टाळणारे भाग आणि साखळीची ठेवण यांवरून गुण काढून सर्वात जास्त गुणांची दिशा शोधतो. काम आपोआप चालतं, पण मुळात दोन्ही बाजूंना नुसतं बाजू १, बाजू २ म्हणून सोडून दिलेलं. मिशिगन विद्यापीठातून सुरू झालेलं ओपीएम (२००६) प्रोटीन पाण्यातून लिपिडमध्ये न्यायला लागणारी ऊर्जा कमीत कमी होईल अशी जागा काढतं, त्यामुळे जाडी आणि तिरकेपणा आकड्यात मिळतो, शिवाय पडद्याला नुसती वरवर चिकटलेली प्रोटीनंही त्यात येतात. जाडी साधारण ३० अँगस्ट्रॉम, जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यातल्या बीटा-बॅरलांची (पिंपाच्या आकाराच्या प्रोटीनांची) त्याहून कमी. एकाच प्रोटीनला पीडीबीटीएम आणि ओपीएम या दोघांची उत्तरं थोडी वेगळी येऊ शकतात. बाजू महत्त्वाची असेल तर ओपीएमकडे कल ठेवावा. ऑक्सफर्डचं मेमप्रॉटएमडी तिसऱ्या वाटेने जातं, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये लिपिड स्वतःहून प्रोटीनभोवती जमू देतं.

ओपीएमच्या फाइलीत पडदा म्हणजे खोट्या अणूंचे दोन थर. बाहेरच्या थराला ऑक्सिजन, आतल्याला नायट्रोजन असं नाव दिलेलं, म्हणून रचना दाखवणाऱ्या कुठल्याही व्ह्यूअरमध्ये अणूंच्या नेहमीच्या रंगांनी (ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा) आपोआप बाहेर लाल, आत निळा! साधी युक्ती, पण डोकं लावलेली. पीडीबीचं अमेरिकेतलं केंद्र असलेल्या आरसीएसबीच्या साइटवर या डेटाबेसांच्या नोंदी एकत्र दिसतात.

अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमच्या अंदाजी रचनांना पडद्याची माहितीच नसते, त्यामुळे सैल शेपट्या कधीकधी थेट पडद्याच्या जागेतून गेलेल्या दिसतात, आणि टीएमअल्फाफोल्ड या डेटाबेसमध्ये पडदा बसवून अशी मॉडेलं तपासली जातात.