जंतू औषधाला दाद देत नाही, तेव्हा जीव कशावर ठरतो?

रक्तातला जंतू औषधाला दाद देत नाही म्हटलं की सगळ्यांचं लक्ष 'आता कोणतं अँटिबायोटिक?' याकडे लागतं. पण रुग्ण वाचण्याचं गणित औषधाच्या नावापाशी संपत नाही.

आधी वेळेचं पाहू. ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात. बाटली मशीनमध्ये ठेवली की वाढणारे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मशीन इशारा देतं. याला बहुधा दुसरा दिवस उजाडतो. कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस. तोवर उपचार अंदाजाने चालतात, आणि रोधक (औषधाला दाद न देणारा) जंतू नेमका हा अंदाज चुकवतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांच्या २००६ च्या एका अभ्यासात योग्य औषधाला होणाऱ्या तासातासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटताना दिसली. रक्तदाब टिकून असेल तर घड्याळ इतकं निष्ठुर नसतं.

रिपोर्ट आला म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेरिनो' या दोन औषधांची तुलना करणाऱ्या चाचणीतल्या रुग्णांच्या रक्तात सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू होते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम ही दोन्ही औषधं चालतील, असं प्रयोगशाळेचं म्हणणं होतं. तरी ३० दिवसांत पहिल्या औषधाच्या गटातले १२.३ टक्के रुग्ण दगावले, मेरोपेनेमच्या गटातले ३.७ टक्के. पुढे तेच जंतू अधिक काटेकोरपणे तपासले, तेव्हा त्यातले काही पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला मुळातच दाद देणारे नव्हते असं निघालं. ते वगळल्यावर फरक बराच कमी झाला. म्हणजे 'चालेल' हा शेरासुद्धा तपासणीच्या पद्धतीइतकाच भरवशाचा!

संसर्गाचं मूळ कुठे आहे, याची चर्चा मला नेहमीच कमी वाटते. मूत्रमार्गातून रक्तात गेलेला संसर्ग फुप्फुसातून आलेल्यापेक्षा सहसा सौम्य निघतो. शिरेत घातलेली नळी दूषित असेल तर ती काढावी लागते. पोटात पू साठला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. मूळ तसंच ठेवून महागातलं औषध चढवत राहिलं तर जंतू पुन्हा पुन्हा रक्तात येत राहतात.

शिवाय रोधक जंतू बहुतेकदा गाठतात ते आधीच खंगलेल्यांना: आयसीयूत दीर्घकाळ असलेल्यांना, केमोथेरपी चालू असलेल्यांना. अशा मृत्यूंत दोष जंतूचा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. म्हणूनच २०१९ सालच्या जागतिक हिशेबात (त्यात रक्ताबरोबर इतर संसर्गही आले) दोन आकडे दिसतात. रोधक जंतूंचा संबंध असलेले अंदाजे ४९.५ लाख मृत्यू. आणि त्यांपैकी, तोच संसर्ग औषधाला दाद देणारा असता तर टळले असते असे १२.७ लाख.