मुळा-मुठेपासून कावेरीपर्यंत : दख्खनी महाशीराची पार्श्वभूमी

कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला दख्खनी महाशीर पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला. आज त्या पट्ट्यात सांडपाण्यातही तगणारी चिलापी आणि आफ्रिकी मांगूर या बाहेरून आलेल्या माशांचंच फावतं. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तळाशी गाळ साचला तरी तिचं अडत नाही. मांगूर वर येऊन हवा घेतो. त्याच्या पालनावर २००० पासून बंदी आहे, पण नदीत सुटलेला मासा परत कोण गोळा करणार?

महाशीराचं गणित उलटं. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडी जड असतात, ती खडी-गोट्यांच्या फटीत बसतात. वर गाळ बसला की प्राणवायू न मिळून मरतात. वाळू-खडीचा उपसा झाला तर बसायला जागाच उरत नाही. धरणांनी वरची वाट अडवली, ती खडकवासल्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकातच. उन्हाळ्यात मासे डोहात गोळा होतात, तेव्हा सुरुंग लावून किंवा विष कालवून अख्खा डोह मारता येतो. त्याला कायद्याने बंदी १८९७ पासूनची. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात मात्र मासे टिकले ते कायद्यापेक्षा देवीच्या धाकाने.

लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर १९७० च्या सुमारास कृत्रिम पैदास सुरू झाली. पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि मगच पाणी घालायचं. आधी पाणी लागलं तर फलन बिघडतं. मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये एकेरी थर. साधारण तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तोवर पांढरी पडलेली अंडी रोज वेचावी लागतात, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते.

हे तंत्र साधलं आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभर गेली. घोळ तिथेच झाला. कावेरीचा स्वतःचा मोठ्या कुबडाचा महाशीर होता. तिथे सोडलेला दख्खनी महाशीर बोकाळला आणि मूळचा मागे रेटला गेला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत कुबडवाला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, आणि दख्खनी महाशीर संकटग्रस्तांतून बाहेर आला. ही सुटका अख्ख्या जातीची. मुळा-मुठेचा तो पट्टा त्यात धरता येत नाही.