काँक्रीटला स्वतःचा चेहरा मिळाला कसा

काँक्रीटची गंमत अशी की त्याला स्वतःचा आकारच नाही. दगडाला थर असतात, लाकडाला रेषा असतात, लोखंडाचे ठराविक मापाचे गर्डर मिळतात, आणि हे मात्र ओलं असताना नुसता चिखल, साचा जसा तसं ते. म्हणून मग ते दिसावं कसं याचा पत्ता लागायला बराच काळ गेला, आणि तो लावला बऱ्याचदा आर्किटेक्टनी नाही तर इंजिनिअर लोकांनी.

रोमन लोकांना हे आधीच जमलेलं होतं हे खरंय. रोमच्या पँथिऑनचा घुमट, इ.स. 126 च्या आसपासचा, व्यास 43.3 मीटर आणि आत एकही सळई नाही. खालच्या थरांत जड दगडाचे तुकडे, वर जाईल तसे हलके, अगदी माथ्याला ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. आतून जे चौकोनी खळगे दिसतात ती सजावट वाटते, पण त्यांनी वजनपण कमी होतं. नंतर ही कला मागे पडली ती जवळजवळ 18 व्या शतकापर्यंत. 1824 ला इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि नाव पोर्टलंड का, तर ते घट्ट झाल्यावर इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरच्या दगडासारखं दिसतं म्हणून. म्हणजे नावातच नक्कल!

ही नक्कल पुढे बरीच वर्षं सुटली नाही. 1867 ला फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए या माळ्याने कुंड्यांसाठी सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालायचं पेटंट घेतलं, 1892 ला हेनेबिक या बांधकाम करणाऱ्या इंजिनिअरने खांब, बीम, स्लॅब सगळं एकसंध ओतायची पद्धत आणली, तरी लोकांना काँक्रीट उघडं दाखवायची लाजच वाटायची. झुरिचचा 1899 चा श्टाउफाखर पूल रॉबर्ट मायार या तरुण इंजिनिअरने काँक्रीटमध्ये डिझाइन केला, आणि वरून त्याला दगडाचं आवरण चढवलं गेलं.

पण खरी गोष्ट या मायारचीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. 1901 ला त्याने स्वित्झर्लंडमध्येच त्सुओझला पूल बांधला, त्यात कमान, बाजूच्या भिंती आणि वरचा रस्ता मिळून एकच पोकळ पेटी, सगळं एकत्र वजन घेतं. दोनेक वर्षांत भिंतींना तडे दिसले, तेही टोकांजवळ. आता दुसरा कोणी असता तर तिथे अजून माल भरला असता, याने काय केलं, की जिथे तडे गेले तिथे भिंतीची गरजच नाही असं धरून पुढच्या पुलात, म्हणजे 1905 च्या टाव्हानासात, तो भाग चक्क कापूनच टाकला! आणि त्यातून असा आकार आला जो दगडात कधीच झाला नसता, मधे आणि टोकांना बारीक, अधेमधे जाड. तो पूल 1927 ला दरड कोसळून गेला, पण 1930 च्या त्याच्याच साल्गिनाटोबेल पुलामध्ये तीच कल्पना 90 मीटरवर पसरलेली दिसते. आणि हे डिझाइन निवडलं गेलं कशामुळे, तर सौंदर्य वगैरे नाही, स्वस्त पडत होतं म्हणून.

स्वस्त कसं, तर साचा. काँक्रीटमध्ये बराच पैसा सेंटरिंग-शटरिंगमध्ये, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या साच्यात आणि त्याच्या टेकूंत जातो, मग ते नंतर काढूनच टाकायचं असतं. मायारने आधी कमानीचा खालचा पातळ स्लॅब ओतला, तो घट्ट झाला की पुढचं वजन त्यानेच उचलायचं, त्यामुळे खालचा लाकडी सांगाडा फक्त त्या स्लॅबपुरता मजबूत असला तरी चालत होतं.

तिकडे फ्रान्समध्ये फ्रेसिने या इंजिनिअरने ओर्लीला एअरशिपसाठी (गॅस भरलेल्या फुग्यासारख्या उडत्या जहाजांसाठी) प्रचंड हँगर बांधले, पत्र्यासारख्या घड्या घातलेल्या कमानी, कारण घडी घातली की पातळ कागदपण ताठ उभा राहतो. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते गेले. मेक्सिकोत फेलिक्स कांडेला या आर्किटेक्टने तर कमालच केली, घोड्याच्या खोगिरासारखा वाकलेला पृष्ठभाग सरळ फळ्या लावूनच बनवता येतो ही भूमिती त्याने पकडली, 1958 च्या लोस मानान्तियालेस रेस्टॉरंटचं छत साधारण 4 सेंटीमीटर जाड आहे, बघताना कमळ उलटं ठेवल्यासारखं वाटतं पण साचा मात्र साध्या सरळ फळ्यांचा.

आर्किटेक्ट लोकांनी मग ल कोर्बुझिएच्या मार्सेयमधल्या इमारतीपासून (1952) फळ्यांचे ठसे तसेच उघडे ठेवायला सुरुवात केली, त्याचा पुढे इतका अतिरेक झाला की लोक काँक्रीट म्हटलं की फक्त करड्या जाड भिंतीच आठवायला लागले, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

आणि ती पातळ छतं मागे का पडली? स्ट्रेंथ कमी पडली म्हणून नाही. सुतारांची मजुरी वाढली, माल वाचायचा पण साचा महाग पडायला लागला, आणि जो हिशोब मायारला साल्गिनाटोबेल मिळवून देऊन गेला तोच शेवटी कांडेलासारख्यांच्या विरोधात गेला.