कॅप्टन तेलक्षेत्र

कॅप्टन हे उत्तर समुद्रातलं, ब्रिटनच्या हद्दीतलं जड क्रूडचं (कच्च्या तेलाचं) तेलक्षेत्र. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनपासून ईशान्येला साधारण १४५ किलोमीटरवर, पाणी तिथे शंभरेक मीटर खोल. टेक्साको या अमेरिकी कंपनीला इथे तेल लागलं १९७७ साली आणि उत्पादन सुरू झालं मार्च १९९७ मध्ये, म्हणजे मधली वीस वर्षं तेल आहे हे माहीत असूनही नियमित उत्पादन झालं नाही. साठा छोटा होता म्हणून नाही, जमिनीखाली अब्जभर बॅरलच्या घरात तेल होतं, पण ते परवडेल अशा रीतीने वर आणायची सोयच तेव्हा नव्हती.

जड क्रूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डांबर येतं. इथे तसं नाहीये. कॅप्टनच्या तेलाची एपीआय ग्रॅव्हिटी, म्हणजे तेल किती हलकं ते सांगणारा आकडा, १९ ते २१ (आपल्या मुंबई हायचं क्रूड ३८-३९ च्या आसपास, आकडा जितका कमी तितकं तेल जड) आणि जमिनीखाली त्याचा दाटपणा जवळपास घरातल्या शेंगतेलाइतका. ऐकायला काहीच नाही वाटत, पण पाण्याच्या तुलनेत हा दाटपणा ५० ते १५० पट होतो आणि सगळी गोची तिथेच आहे. तेल जसजसं काढाल तसा दाब टिकवायला खाली समुद्राचं पाणी सोडावं लागतं, आणि पातळ पाणी दाट तेलाला पुढे ढकलत नाही, तेलातून वाट काढून थेट विहिरीत घुसतं. एकदा ती वाट पडली की पाणी तिथूनच येत राहतं आणि आजूबाजूचं तेल जागेवरच बसून राहतं.

दुसरी अडचण खोलीची. तेलाचा वाळूचा थर (कॅप्टन सँडस्टोन, क्रिटेशियस काळातला) समुद्रसपाटीपासून फक्त ९०० मीटरच्या आसपास खाली आहे. थर उथळ म्हणजे दाब कमी आणि तापमानही जेमतेम ३० अंश, त्यामुळे तेल आपणहून उसळून वर येत नाही आणि गरम नसल्यामुळे पातळही होत नाही. जमेची बाजू एकच, वाळू भुसभुशीत आणि सच्छिद्र आहे, तेलाला वाहायला जागा भरपूर. अर्थात तीच वाळू तेलाबरोबर विहिरीत येऊन पंप खाते, म्हणून तळाशी जाळ्या बसवाव्याच लागतात.

उभ्या विहिरींनी हे काम झालंच नसतं. होरिझॉन्टल ड्रिलिंग आणि विहिरीत खोल उतरवायचे पंप हे दोन्ही हाताशी आले, १९९३ मध्ये तशी विहीर बरेच दिवस चालवून बघितली, आणि मगच प्रकल्पाचं गणित जमलं. विहीर खाली जाता जाता आडवी वळवायची आणि थरातून लांबवर न्यायची, म्हणजे तेल थोडं थोडं करून सगळ्या लांबीवरून आत येतं आणि एकाच जागी जास्त ओढ बसत नाही. पण ९०० मीटरमध्ये विहीर पूर्ण आडवी करायची म्हणजे वळण झटपट घ्यावं लागतं, आणि नंतर ड्रिलिंगचं बिट (खोदणारं टोक) वाळूच्या थराच्या छताच्या जवळ ठेवावं लागतं कारण खाली पाणी आहे आणि काही भागात वर गॅसही आहे. इतकं करूनही जिथे विहीर वळते त्या टोकाला ओढ जास्त असते आणि पाणी बहुतेक वेळा तिथूनच आधी शिरतं.

पंप दोन प्रकारचे वापरले गेले. एक विजेवर चालणारा, तेल वर आणणाऱ्या नळीला जोडून खाली सोडलेला आणि लांबलचक केबलने वीज मिळणारा, तो बंद पडला की विहीर थांबते आणि रिग लावून सगळं वर काढावं लागतं. दुसरा हायड्रॉलिक, ज्यात वरून जोरदार दाबाचं पाणी सोडून खालची टर्बाइन फिरवतात आणि ती पंप चालवते. खाली विजेची मोटरच नाही म्हणून टिकायला बरा, पण ते पाणीसुद्धा तेलात मिसळून परत वर येतं आणि वेगळं करायच्या पाण्यात भर पडते.

वर एक विहिरींचा प्लॅटफॉर्म, त्याला पुलाने जोडलेला दुसरा प्लॅटफॉर्म, आणि जवळच कायमचं नांगरलेलं एफपीएसओ जहाज, ज्यावर तेल साफ होतं आणि साठवलंही जातं. किनाऱ्यापर्यंत तेलाची पाइपलाइन नाही, शटल टँकर येऊन भरून नेतात. माझ्या मते खरी डोकेदुखी या जहाजावर आहे, कारण हलकं क्रूड टाकीत थोडं थांबलं की पाणी आपसूक खाली बसतं, इथे मात्र तेलाची आणि पाण्याची घनता जवळजवळ सारखी (०.९३ आणि १.०२) त्यामुळे दोघं घट्ट मिसळून बसतात, मग तापवा, केमिकल घाला, वेळ द्या. एवढं करून विकायला गेलं की तेल जड आणि आम्लही जास्त, त्यामुळे अशा तेलाला भाव सहसा कमी मिळतो.

तेल तापवून पातळ करायला खाली वाफ का नाही सोडत, असा प्रश्न येतो. कॅनडात जमिनीवर तसं करतात, पण समुद्रात वाफेसाठी गोडं पाणी, बॉयलर, जागा हे सगळं महाग. म्हणून इथे उलटा विचार झाला, तेल पातळ करता येत नसेल तर पाणी दाट करा. पाण्यात पॉलिमर (पाणी दाट करणारं रसायन) घालून सोडलं की ते वाट काढून पळत नाही, तेलाला बऱ्यापैकी एकसारखं ढकलत नेतं. चीनच्या बोहाई समुद्रात २००३ पासून हा प्रयोग झाला होता. कॅप्टनवर आधी चाचण्या, मग प्लॅटफॉर्मच्या विहिरी, आणि २०२४ मध्ये समुद्रतळावरच्या विहिरींतही पॉलिमर सोडायला सुरुवात झाली. तोवर मालक बदलले होते, टेक्साको शेवरॉनमध्ये गेली आणि २०१९ मध्ये शेवरॉनचा इथला धंदा इथाका एनर्जीने घेतला.

पॉलिमरचे रेणू लांब साखळीचे असतात, अरुंद व्हॉल्व्हमधून जोरात गेले की साखळ्या तुटतात आणि दाटपणा जातो, त्यामुळे साधे चोक (प्रवाह कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह) चालत नाहीत. आणि काही काळाने तेच पॉलिमर उत्पादनाच्या विहिरींतून परत वर येतं, हीटरवर थर धरतं, आणि तेल-पाणी वेगळं करायचं काम आणखी अवघड करून ठेवतं.