देवनागरी टायपोग्राफीच्या पहिल्या धड्यांमागचा इतिहास

सोलापुरात ग्राफिक डिझाइन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला टायपोग्राफीचे, म्हणजे अक्षरमांडणीचे, पहिले धडे मिळतात ते बेसलाइन (अक्षरे ज्या खालच्या रेषेवर उभी राहतात ती), एक्स-हाइट (रोमन लिपीतल्या x सारख्या छोट्या अक्षरांची उंची) आणि कर्निंग (शेजारच्या अक्षरांमधले अंतर जुळवणे) यांचे. या संकल्पना रोमन लिपीच्या शिशाच्या खिळ्यांबरोबर, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांबरोबर, घडल्या. त्या शिकायलाच हव्यात. परंतु ज्याला उद्या लग्नपत्रिका, चादरीचे लेबल किंवा नव्या पेठेतल्या दुकानाची पाटी करायची आहे, त्याचे अक्षर खालच्या रेषेवर उभे नसून शिरोरेषेला लटकलेले असते. म्हणून त्याच्या अभ्यासाची सुरुवात देवनागरी छपाईच्या इतिहासापासून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, तेव्हा त्यातील मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांत होता. १८१०च्या त्यांच्या मराठी कोशासाठी मात्र मोडी खिळे वापरले गेले. मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१मध्ये शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच कागदावर उतरत असल्यामुळे पोथीतले बोरूचे वळण छपाईतही टिकून राहिले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून खिळे घडवून घेतले, आणि त्या छापखान्याच्या संस्कृत व मराठी ग्रंथांनी सुबक देवनागरी छपाईचा मापदंडच घालून दिला.

या कारागिरांपुढची अडचण नीट समजून घेतली, तर आजचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात. देवनागरीची ओळ तीन मजल्यांची असते: मधे अक्षराचे अंग, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. मजल्यांचे तुकडे वेगवेगळे ओतले, तर खिळ्यांची संख्या कमी होई, पण जुळणी किचकट होऊन सांधे उघडे पडत. अक्षर मात्रेसह अखंड ओतले, तर छपाई देखणी होई, पण खिळेजुळाऱ्यापुढच्या केसमधली, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीतली, घरे कित्येक शेकड्यांवर जात. मराठी मजकुराला ओळींमध्ये रोमनपेक्षा अधिक जागा लागते, याचे कारण या तीन मजल्यांत आहे; त्या जागेत काटकसर केली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते.

यंत्रे आली तेव्हा लिपीच बदलावी, असाही विचार झाला. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा, म्हणजे इ, उ, ए यांसारखे स्वर ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावून लिहिण्याचा, पुरस्कार केला. १९५३च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना केली, ती पुढे मागे घ्यावी लागली. लिपीने यंत्रापुढे वाकण्याऐवजी यंत्रालाच लिपी शिकवावी, ही वाट मला अधिक योग्य वाटते, आणि संगणकाच्या काळात तेच घडले. बापूराव नाईक यांनी १९७१मध्ये देवनागरी मुद्राक्षरांचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने मांडला, र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. त्याआधीच्या फॉन्टांचे संकेत, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले क्रमांक, एकमेकांशी जुळत नसत, त्यामुळे एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. सर्वांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडने ती अडचण दूर केली. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने काढलेला ‘मुक्त’ यासारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट तर आज विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतात.

सोलापूरला या अभ्यासाची गरज अधिक आहे, कारण येथे मराठीच्या जोडीने तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलल्या जातात. तेलुगू व कन्नडच्या गोलाकार अक्षरांना देवनागरीसारखी अखंड शिरोरेषा नाही. उर्दूची नस्तालीक ही लेखनशैली उजवीकडून डावीकडे उतरत जाते. एकाच पाटीवर मराठी आणि तेलुगू नाव ४८ पॉइंटांत (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) टाइप केले, तरी दोन्ही नावे डोळ्यांना सारखी मोठी दिसतीलच असे नाही. आकार नजरेनेच जुळवावा लागतो. फ्लेक्सच्या घाईत मात्र जागा भरण्यासाठी अक्षर आडवे ताणले जाते, आणि तिथे काना व उभे दंड जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते, बोरूच्या कापाने ठरलेले जाड-बारीकचे प्रमाण पार बिघडते. जागा भरायचीच असेल, तर त्याच फॉन्ट-कुटुंबातले जाड वजन, म्हणजे ठळक रूप, निवडावे किंवा अक्षराचा पॉइंट वाढवावा, आणि मजकूर दोन ओळींत बसवावा.