इंजिन चालू असतानाचं गणित आणि चालू होतानाचं गणित

द्रव इंधनाच्या रॉकेट इंजिनाचं सिम्युलेशन केलं असं कुणी सांगितलं, तर ‘कोणतं?’ हे आधी विचारावं. नाव एकच, पण आत दोन वेगळी गणितं असतात.

पहिलं स्थिर अवस्थेचं, म्हणजे इंजिन एकसारखं चालू असतानाचं. यात काळ नसतोच. टर्बाइन (गरम वायूने फिरणारं चक्र) देईल तेवढी शक्ती इंधन ढकलणारा पंप घेतो, आत येईल तेवढा प्रवाह बाहेर जातो. समीकरणं निव्वळ बीजगणिती असल्याने न्यूटन-राफसनच्या (अंदाज सुधारत उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीच्या) काही फेऱ्यांत पंपाचा वेग, ज्वलनकक्षाचा दाब आणि मिश्रणाचं प्रमाण मिळतं.

दुसरं इंजिन चालू होतानाचं. त्यात हिशेब जुळलेला नसतो, आणि जी तफावत उरते तीच इंजिनाला पुढे नेते. टर्बाइनच्या टॉर्कमधून (फिरवणाऱ्या जोरातून) पंपाचा वजा करायचा, रोटरच्या, म्हणजे दोघांच्या फिरत्या भागाच्या, जडत्वाने भागायचं. ही झाली वेगवाढ. नळीतल्या द्रवालाही जडत्व असतं. रिकाम्या पोकळ्या भरायला वेळ लागतो आणि कोमट धातूला लागलेला अतिथंड द्रव उकळतो.

नेहमीची चूक म्हणजे स्थिर गणित १०, २०, ३० टक्के शक्तीला सोडवून ते बिंदू जोडायचे आणि त्याला ‘स्टार्ट’ म्हणायचं. आलेख गुळगुळीत दिसतो, खरा स्टार्ट तसा नसतो.

स्पेस शटलचं मुख्य इंजिन घ्या. आधी हायड्रोजनचा मुख्य व्हॉल्व्ह दोन-तृतीयांश सेकंदात पूर्ण उघडतो. नॉझलच्या उष्णतेने हायड्रोजन फुगतो, मागे दाब देतो आणि प्रवाह सेकंदाला सुमारे दोनदा हेलकावतो. प्रवाह खाली गेला की प्री-बर्नरमध्ये (टर्बाइनसाठी गरम वायू बनवणाऱ्या छोट्या कक्षात) ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि टर्बाइनची पाती भाजतात. ऑक्सिजनची पोकळी द्रवाने भरणं, म्हणजे प्राइमिंग, ठरलेल्या क्रमाने व्हावं लागतं: इंधनाचा प्री-बर्नर १.४ सेकंदाला, मुख्य कक्ष १.५ला, ऑक्सिजनचा प्री-बर्नर १.६ला. त्याआधी १.२४ सेकंदाला इंधनपंप मिनिटाला किमान ४,६०० फेऱ्यांवर हवा. नाहीतर कक्षाचा दाब अचानक वाढल्यावर त्याला हायड्रोजन पुढे ढकलता येत नाही. व्हॉल्व्हच्या स्थितीत २ टक्के किंवा वेळेत ०.१ सेकंद चुकलं तरी मोठं नुकसान होऊ शकतं. सुरुवातीच्या चाचण्यांत या स्टार्टच्या २ सेकंदांपर्यंत पोचायलाच १९ चाचण्या आणि ८ टर्बोपंप (टर्बाइन आणि पंपाची जोडी) खर्ची पडले.

यातलं काहीही स्थिर गणितात दिसत नाही, कारण तिथे पोकळ्या आधीच भरलेल्या आणि धातू आधीच थंड धरलेला असतो.

दुसरं गणित मात्र नखरेल आहे. पंपाच्या कामगिरीचे आलेख बहुधा नेहमीच्या वेगाभोवतीचेच असतात. शून्याजवळ ते नुसते ताणून लावले की उत्तर भरकटतं. काळाची पायरीही बारीक लागते. द्रव ऑक्सिजनमध्ये आवाज सेकंदाला सुमारे ९०० मीटर जातो, म्हणजे नळीच्या १० सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी साधारण ०.१ मिलिसेकंद. पायरी मोठी ठेवली तर दाबाचा धक्का पुसला जातो. १० मीटर प्रतिसेकंद वेगाचा प्रवाह एकदम थांबला तर घनता, ध्वनिवेग आणि वेगबदल यांचा गुणाकार सुमारे १०० बार भरतो. पोकळी भरण्याच्या शेवटच्या क्षणी असाच धक्का बसू शकतो.

आणि सुरुवातीच्या अटी, म्हणजे इंजिन पेटण्याआधीची स्थिती. १२ ऑगस्ट २०२१च्या इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ१० रॉकेटच्या मोहिमेत हायड्रोजन टाकीचा व्हेंट-रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) गळला. क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचं) इंजिन पेटण्याच्या वेळी टाकीतला दाब कमी होता, इंधनाचा बूस्टर टर्बोपंप (मुख्य पंपाआधी दाब वाढवणारा) नीट चालला नाही आणि मोहीम सोडावी लागली. म्हणून स्टार्टचं गणित एकदाच चालवून भागत नाही. टाकीचा दाब, द्रवाचं तापमान आणि व्हॉल्व्हची वेळ वर-खाली करून ते पुन्हा पुन्हा चालवावं लागतं, तेही सगळ्यांत वाईट जोड्या मुद्दाम शोधून.